सीडीचा जमाना गेला म्हणे, आमच्या घरातनं अजून गेला नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या वाचकांच्या पत्रात सीमाप्रश्न असतो, रस्त्यावरचे खड्डे असतात, नळाला पाणी नाही हे असतं, माझं पत्र ह्यातल्या कशावरच नाही, तरी जागा असली तर छापा. परवाच्या रविवारी पुरवणीत कुणीतरी लिहिलेलं वाचलं की कॅसेट गेली, सीडी गेली, आता सगळं मोबाईलवर आहे तेव्हा घरातला हा कचरा काढून टाका. वाचून मी बायकोला म्हणलं, ह्यांच्या घरात म्हातारं माणूस नसणार बघ. मी गेल्या पावसाळ्यात दीड महिना घालवून घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर आईसाठी गाण्याची एक सीडी तयार केली, त्यात चौदा सीड्या वाया घालवल्या, आणि त्यातनं जे कळलं ते सांगायला हे पत्र लिहितोय. ज्यांच्या कपाटात अजून कॅसेटी पडल्यात त्यांनी तरी वाचावं.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे, घरात दोन माग होते, आता नाहीत. आई गोकाककडची, लग्न होऊन आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता, आता भांडते मराठीत आणि पैसे मोजते कन्नडमध्ये. सकाळी सांगली आकाशवाणी आणि संध्याकाळी धारवाड, हे तिचं आयुष्यभर चाललं. तिला यंदा ऐंशी लागली. पुण्याच्या पोरानं तिला एक ब्लूटूथचा डबा आणून दिला, पेनड्राइव्हमध्ये तीन हजार गाणी भरून. पोराचं प्रेम आहे, नाही म्हणत नाही, पण आई बटण दाबत बसायची आणि म्हणायची, "अरे ह्यात माझं गाणं कुठलं रे?" तीन हजारात एक गाणं शोधायचं म्हणजे यात्रेत पोरगं हरवल्यासारखं. मधेच तो डबा इंग्लिशमध्ये बोलतो, की बाई घाबरून वायरच काढून ठेवते.

आक्कानं वीस वर्षांखाली आणलेला सीडी प्लेअर मात्र तिला येतो. वर झाकण, चार मोठी बटणं, आणि लाल आकड्यात गाण्याचा नंबर दिसतो. चष्मा नसला तरी आकडा दिसतो. सात नंबर म्हणजे अमुक, अकरा नंबर म्हणजे तमुक, हे तिच्या डोक्यात बसतं, घराच्या नंबरासारखं. म्हणून म्हणलं सीडीच करायची, तिला आवडणारीच गाणी, तिला पाहिजे त्या क्रमानं.

आता सीडी करायची म्हणजे काय, मला वाटलं गाणी कॉपी करायची आणि पेस्ट करायची. घरातला २००५ सालचा कॉम्प्युटर माळ्यावरनं काढला, विंडोज एक्सपी, त्याला सीडी रायटर होता, फुंकर मारून चालू केला तर चक्क चालू झाला. (आताच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, बाहेरनं यूएसबीचा जोडावा लागतो, तोही चालतो.) कोऱ्या सीड्या मिळेनात. खडे बाजारात दोन दुकानदारांनी माझ्याकडं असं बघितलं की मी रॉकेलचा स्टोव्ह मागतोय. शेवटी रामदेव गल्लीत एकाकडं मागच्या फळीवर धूळ खात पडलेला पन्नासचा डबा मिळाला, त्यानं आनंदानं स्वस्तात दिला.

पहिली सीडी भरली, आईच्या प्लेअरमध्ये घातली, फिरतीय फिरतीय आणि आकडाच येईना. पोराला फोन केला तर म्हणतो, "बाबा तुम्ही डेटा सीडी केलीय, ऑडिओ सीडी करायला पाहिजे." फरक असा आहे की एमपीथ्रीची फाईल जशीच्या तशी सीडीवर टाकली तर ती फक्त एमपीथ्री समजणाऱ्या प्लेअरवर वाजते, आईचा प्लेअर त्याच्या आधीचा. त्याला १९८२ ला सीडी बाजारात आली तेव्हापासूनची जी साधी पद्धत आहे तीच कळते. म्हणजे आवाजाचं सेकंदाला ४४,१०० वेळा माप घ्यायचं, प्रत्येक माप १६ बिटचं, डावं उजवं दोन्ही बाजूचं वेगळं, आणि ते सरळ ओळीनं लिहीत जायचं, दाबून लहान करायचं नाही काही नाही. बर्निंगच्या, म्हणजे सीडी लिहायच्या, सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीलाच विचारतं डेटा का ऑडिओ, तिथं ऑडिओ निवडलं की ते एमपीथ्री उलगडून ह्या पद्धतीत लिहितं. इतकंच. पण हे इतकंच कुणी सांगत नाही, म्हणून दोन सीड्या गेल्या.

तिथनं पुढचं भांडण एमबीचं. डब्यावर लिहिलंय ७०० एमबी, माझी गाणी सगळी मिळून शंभर एमबीच्या आत, आणि सॉफ्टवेअर म्हणतंय जागा भरली. शेजारचं पोरगं आलं आणि मलाच शहाणपण शिकवायला लागलं, "काका सातशे एमबी हाय की, दीडशे गाणी बसतील, तुमचं कायतरी चुकायलंय." चुकायलं नव्हतं. ऑडिओ सीडीला एमबी मोजायचेच नसतात, मिनिटं मोजायची, त्याच डब्यावर बारीक अक्षरात ८० मिनिटं पण लिहिलेलं असतं (आधीच्या सीड्या ७४ मिनिटांच्या असायच्या). उलगडलेला आवाज मिनिटाला दहा एमबीच्या वर जातो. मग ८० मिनिटांचे आठशेच्या वर झाले की, ते सातशेत कसे मावतात? हा हिशोब मला रात्रभर सुटला नाही. सीडीवर सेकंदाचे ७५ तुकडे असतात, गाण्याच्या सीडीत त्या एकेका तुकड्यात २३५२ बाइट आवाज भरतात, आणि फाईलच्या सीडीत त्यातले २०४८ च वापरून बाकीची जागा चूक दुरुस्त करायला ठेवतात. गाण्यात एक कण इकडचा तिकडं झाला तर कानाला कळत नाही, बँकेच्या हिशोबात एक आकडा बदलला तर कळतो. कळल्यावर इतकं बरं वाटलं की बायकोला उठवून सांगितलं, ती काय म्हणाली ते छापण्यासारखं नाही.

तर ऐंशी मिनिटं. आई ऐंशीची, सीडी ऐंशीची, पोरगा म्हणतो वर्षाला एक मिनिट. पण खरं सांगतो संपादक साहेब, ह्या ऐंशी मिनिटांच्या हद्दीतच सगळी मजा आहे. पेनड्राइव्हमध्ये तीन हजार टाकताना काही ठरवावं लागत नाही, सगळंच टाकायचं. इथं एक आत घेतलं की एक बाहेर काढावं लागतं. जुन्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवरची गाणी तीन-सव्वातीन मिनिटांची, कारण तबकडीची एक बाजू तेवढ्यातच संपायची, ती पटापट बसतात, पण एखादा मोठा ख्याल घेतला तर अर्धी सीडी तिथंच खाल्ली. आईला कुमार गंधर्व पाहिजेत, ते आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे हे ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. भीमसेनजी तर पाहिजेतच, मराठी अभंग पण आणि कन्नड दासपदं (हरिदासांची भक्तिगीतं) पण, आमच्यासारख्या घरात त्यांच्यावरनं भांडण होत नाही कारण ते दोन्हीकडचे. आक्का निपाणीवरनं फोनवर नाट्यगीतं सांगायला लागली, तिला म्हणलं ही तुझी सीडी नव्हे, तर तीन दिवस फोन नाही.

मग क्रम. आधी मराठी का आधी कन्नड, ह्यावर घरात जी चर्चा झाली ती बंगळूर-मुंबईत पण झाली नसेल. मी म्हणलं एक सोडून एक घालू, बायको म्हणाली सगळी मराठी आधी. आई भाजी निवडत ऐकत होती, ती म्हणाली, "कन्नड शेवटाला ठेव. दुपारी पडताना लावते मी. माझी आई कन्नडमध्येच झोपवायची." विषय संपला. पुढं म्हणाली, "आणि ह्यांना पहिलं ठेव, नाहीतर रुसतील." ह्यांना म्हणजे आमच्या आण्णांना. आण्णा जाऊन बारा वर्षं झाली.

आणि इथनं खरं काम सुरू झालं, कारण आण्णांचा आवाज कॅसेटवर होता.

आण्णा भजनी मंडळात म्हणायचे. १९८६ साली आमच्या सोप्यात एकादशीला भजन झालं ते मामानं नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर टेप केलं होतं, तेवढीच एक कॅसेट. मागं चार वर्षांखाली मी ती एका दुकानात सीडी करायला दिली होती, कुठल्या ते सांगत नाही, त्या बिचाऱ्यानं घेतले पैसे आणि जे दिलं ते ऐकवत नव्हतं, आवाज फाटलेला, एकाच बाजूनं येणारा, आणि दुसरी बाजू अर्धी तशीच सोडलेली. आता कळतंय की त्यानं टेपची वायर कॉम्प्युटरच्या माईकच्या गुलाबी भोकात घातली होती. माईकचं भोक बारीक आवाजासाठी असतं, टेपचा आवाज त्यात घातला की फाटतोच, आणि बऱ्याच कॉम्प्युटरात ते मोनोच, म्हणजे एकाच बाजूचं असतं. फिकट निळं भोक असतं, लाईन-इन, वायर त्यात घालायची. एवढ्या एका रंगाच्या चुकीनं मी चार वर्षं समजत होतो की कॅसेटच बाद झाली.

चालू टेप मिळायला पंधरा दिवस गेले. खासबागच्या एका मंडप-स्पीकरवाल्यानं त्याचा जुना डेक दिला, भाडं घेतलं नाही, देव त्याचं भलं करो. डेकचं हेड (टेप ज्याला घासून जाते ते) कापसानं आणि स्पिरिटनं पुसलं, बोळा तपकिरी होऊन आला. कॅसेट आधी पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं एकदा फिरवून घेतली, वर्षानुवर्षं एकाच जागी असलेली टेप आवळून बसते, एकदम लावली तर गुंतायची भीती. बेळगावच्या पावसात कॅसेटला पांढरी बुरशी धरते, आमच्या ह्या कॅसेटला नव्हती, कारण आईनं ती साड्यांच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या बाजूला ठेवली होती. बुरशीची कॅसेट डेकमध्ये घालू नका, हेड पण घाण होतं आणि पुढच्या कॅसेटला पण लागतं.

लावली तर आवाज येतोय पण गोधडीतनं आल्यासारखा. टाळ वाजायलेत हे कळतंय पण टाळाचा तो चरचरीतपणा नाही. हेडच्या बाजूला एक बारका स्क्रू असतो, त्यानं हेडचा कल बदलतो, ज्या टेपवर भरलं त्याचा कल आणि ज्याच्यावर वाजवतोय त्याचा कल जुळला नाही की वरचे बारीक सूर मरतात. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी केसभर केसभर फिरवायचा, टाळ स्वच्छ यायला लागले की थांबायचं. मी केला आणि एकदम टाळ लखलखले, आई स्वयंपाकघरातनं बाहेर आली. स्क्रू आधी कुठं होता ती खूण करून ठेवा, दुसऱ्याचा डेक आहे.

दुसरी भानगड, आण्णांचा आवाज आण्णांचा वाटेना, कुणीतरी जाड आळशी माणूस गातोय असं. मला वाटलं माझ्याच कानाला विसर पडला. आई म्हणाली, "हे एवढ्या खाली म्हणत नव्हते." मग आठवलं, मंडळाची पेटी अजून आमच्याकडंच आहे. आण्णा काळी दोनमध्ये म्हणायचे हे मंडळातल्या जिवंत असलेल्या दोघांनी पण सांगितलं. पेटीची काळी दोन धरली आणि टेप लावली तर टेप एक अख्खी पट्टी खाली. डेकचा रबरी पट्टा सैल झाला होता. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास पळायला पाहिजे, शेकडा सहा मंद पळाली की एक पट्टी उतरते. पट्टा बदलला, तरी थोडा फरक राहिला, तो कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीत स्पीड बदलून काढला. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याची जुनी आवृत्ती जुन्या कॉम्प्युटरवर पण चालते. मी पेटीवर सूर धरून बसलोय आणि बायको माऊसनं आकडा बदलतीय, दीड टक्का, पावणेदोन, अजून थोडं, आणि एका क्षणाला पेटी आणि टेप एकमेकांत मिसळली. आईनं काहीच म्हटलं नाही, पदर डोळ्याला लावून आत गेली.

भरताना लेव्हल लाल रेषेला लागू द्यायची नाही, एकदा फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही, कमी भरलेला वाढवता येतो. आणि ह्यात घाई नाही, पंचेचाळीस मिनिटांची बाजू भरायला पंचेचाळीस मिनिटंच लागतात, तेवढा वेळ घरात कुणी मिक्सर लावायचा नाही, आमच्या वायरिंगमध्ये मिक्सरची घरघर पण टेपमध्ये येत होती.

मग आवाज साफ करायचा मोह. टेपची ती सूं सूं असते, ती घालवायला ऑडॅसिटीत सोय आहे, जिथं कुणी गात नाही असा दोन-तीन सेकंदाचा तुकडा दाखवायचा, हा कचरा आहे म्हणून, मग ते सगळ्या गाण्यातनं तेवढा कचरा वजा करतं. थोडं केलं तर छान होतं. मी जोरात केलं, तर मंडळ विहिरीत तोंड घालून गातंय असं ऐकू यायला लागलं. परत मागं आलो. आणि सगळ्या टेपभर मागनं एक खटाखट खटाखट आवाज होता, शेजारच्या घरात रात्रपाळीचा माग चालू होता त्याचा. तो काही जाईना. एकसारखी सूं सूं जाते, ठोके जात नाहीत, ठोक्याबरोबर टाळ पण जायला लागले. चार रात्री त्याच्या मागं लागलो. पोरानं पुण्याहून कुठलंतरी नवीन एआयचं सॉफ्टवेअर लावून बघितलं, त्यात माग गेला, पण आण्णांच्या आवाजातला 'ह' आणि 'स' पण गेला, दात नसल्यासारखं व्हायला लागलं. म्हणलं राहू दे माग.

आण्णांच्या भजनाची एक वेगळी सीडी पण केली. भजन अखंड आहे, अभंग संपता संपता गजर सुरू होतो, मधे श्वास घ्यायला जागा नाही. पण आईला नंबर पाहिजेत, म्हणून जिथं नवीन अभंग सुरू होतो तिथं खूण करून तुकडे केले. आणि सीडी वाजवली तर प्रत्येक तुकड्याच्या मधे दोन सेकंद शांतता! म्हणजे गजर टिपेला पोचतोय आणि लाईट गेल्यासारखं गप्प. ह्यावर चार सीड्या गेल्या. बर्न करताना दोन पद्धती असतात, एकेक गाणं वेगळं लिहायचं किंवा अख्खी सीडी एका दमात लिहायची, ते एका दमातलं निवडायचं, डिस्क-अ‍ॅट-वन्स म्हणतात, आणि दोन गाण्यातलं अंतर शून्य करायचं. तरी बारीक टिक् यायचं. ते वर सांगितलेले सेकंदाचे ७५ तुकडे आहेत ना, गाणं बरोबर त्या तुकड्याच्या सीमेवर कापलं नाही की उरलेल्या जागेत शांतता भरली जाते आणि टिक् वाजतं. सीमा कुठली का असंना, चुकीच्या जागी आखली की आवाज होतोच, बेळगावकरांना हे वेगळं सांगायला नको.

आईच्या गाण्यांच्या सीडीत उलटं, तिथं मधे थोडी शांतता पाहिजे, दोन सेकंद बरोबर. पण आवाजाची पातळी सारखी करायला लागते. जुनं गाणं बारीक आणि त्याच्या मागनं नव्वदच्या दशकातलं एखादं धाडकन येतं. सॉफ्टवेअरमध्ये नॉर्मलाईज म्हणून असतं ते नुसतं दाबून चालत नाही, ते गाण्यातला सगळ्यात उंच ठोका बघतं, कानाला किती मोठं लागतं ते बघत नाही. एखाद्या गाण्यात एकच तबल्याची थाप मोठी असली की ते गाणं बारीकच राहतं. मी सरळ कानानं केलं, एकामागं एक दहा-दहा सेकंद ऐकून, आईच्या प्लेअरचं बटण एकदा ठेवलं की परत हात लावायला लागू नये अशा बेतानं.

बर्निंगचं स्पीड. सीडीवर ५२ एक्स, म्हणजे वाजवायच्या ५२ पट वेगानं, असं लिहिलेलं असतं म्हणून मी ५२ वर सोडली, दोन-तीन मिनिटात तयार, आणि आईच्या प्लेअरमध्ये पंधरा नंबरपासनं अडखळायला लागली. सीडी आतनं बाहेर लिहीत जाते, बाहेरच्या कडेला आली की जोरात लिहिलेलं जुन्या प्लेअरला नीट वाचता येत नाही असा माझा अनुभव. ८ वर लिहिली, ऐंशी मिनिटांची सीडी दहा मिनिटांत होते, तेवढा चहा पिऊन यावा. अशीच एकदा चहा पीत असताना करंट गेला. यूपीएस होता पण त्याची बॅटरी कधीच बसली होती. अर्धी लिहिलेली सीडी मग कुठल्याच कामाची नाही, परत लिहिता येत नाही. एकानं सल्ला दिला रिरायटेबल घ्या म्हणजे पुसून परत लिहिता येते, घेतली, तर आईचा प्लेअर तिला ओळखेचना, त्या सीडीवरनं उजेड कमी परत येतो, जुन्या प्लेअरला तो पुरत नाही. वाया गेलेल्या सीड्या मेहुण्यानं नेल्या, त्याच्या शाळूच्या शेतात दोऱ्याला बांधून लटकवल्यात, पाखरं येत नाहीत म्हणतो. आण्णांची अर्धवट भजनं त्या शेतावर लखलखतायत.

एक मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. सीडीवर नाव लिहायला बॉलपेन वापरू नका. आपल्याला वाटतं खालची चकचकीत बाजू नाजूक, वरची मजबूत. उलटं आहे. लेझर खालनं येतो पण जिथं लिहिलं जातं तो थर वरच्या बाजूला नावाच्या लगेच खाली असतो, वर फक्त पातळ लाखेचा लेप. बॉलपेन दाबून लिहिलं की तिथलं गाणं गेलं. मऊ टोकाचं मार्कर घ्यावं, शक्यतो मधल्या कड्याजवळ लिहावं. कागदाचं स्टिकर पण नको, ते एका बाजूला सुटलं की सीडी डगमगते. उन्हात ठेवायची नाही, आतला रंग उडतो, त्या रंगावरच तर लिहिलेलं असतं. आणि घरी केलेली सीडी काय ताम्रपट नव्हे, म्हणून मूळ फाईल न दाबता, वेव्हमध्ये, पोराकडं एक आणि आक्काकडं एक अशी ठेवलीय. एमपीथ्री करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं म्हणजे जपलं असं समजू नका, तीन महिन्यांत मोबाईल भरला की पहिलं तेच पुसलं जातं, आमच्या घरातच दोनदा झालंय.

पाहुण्यांनी आईची सीडी बघितली आणि सगळ्यांना पाहिजे झाली. मी दिली नाही. ती गाणी मी विकत घेतलेल्या कॅसेटी आणि सीड्यांवरनं घरात ऐकायला घेतली, कॉपी काढून वाटायला नाही. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यावर पुढची ६० वर्षं हक्क कंपनीचा, त्याआधीचं फार जुनं असलं तर गोष्ट वेगळी. आण्णांच्या भजनाची सीडी मात्र वीस काढल्या, त्या आईच्या वाढदिवसाला पाहुण्यांना स्टीलच्या वाटीऐवजी दिल्या. ते आमचंच, अभंग संतांचे, आवाज आण्णांचा. मंडळातले जे दोघं राहिलेत त्यांना आधी विचारलं. एकजण म्हणाला, "माझा मृदंग दुसऱ्या अभंगात चुकलाय, तेवढं काढ गा." काढलं नाही.

वाढदिवसादिवशी सकाळी आईनं झाकण उघडून सीडी घातली, एक नंबर आला, आण्णांचा गजर सुरू झाला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत बसलेलो, आता रडणार म्हणून. ती डोळे मिटून ऐकत होती, मग हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि कान दिला. म्हणाली, "हा शेजारचा नव्हे रे. आपलाच माग हाय हा, मागल्या खोलीतला. त्या रात्री कुलकर्ण्यांच्या लग्नाच्या साड्या द्यायच्या होत्या, मीच चालवत होते. धोटा अडकायचा बघ त्याचा, ऐक, आता थांबेल." आणि खरंच, अकरा सेकंदांनी खटाखट थांबली, जरा वेळानं परत सुरू झाली. चाळीस वर्षं आम्ही त्या कॅसेटवर आण्णांचंच भजन आहे म्हणत होतो. "चलो ऐत नोड," (छान आहे बघ) म्हणाली आणि दोन नंबर दाबला.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव

ता.क. आईच्या माहेरची एक साठ मिनिटांची कॅसेट अजून राहिलीय, तिच्या आतली फोमची गादी निखळलीय आणि ती कॅसेट चिकटवलेली आहे, स्क्रूची नाही, त्यामुळं फोडून टेप दुसऱ्या खोक्यात घालायला लागणार. कुणाकडं पाच स्क्रूची रिकामी कॅसेट असली, वर कुठलंही गाणं असलं तरी चालेल, तर तुमच्या ऑफिसात 'वडगावच्या वाचकासाठी' म्हणून ठेवली तर मी येऊन घेऊन जाईन. चहा माझ्याकडनं.